ओल्याला ओलं

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे ठाऊक होतं.
ओल्याला ओलं चिकटतं कसं,
हे मात्र अकरा चिप वाया गेल्या तरी कळेना.

दोन चकत्या हायड्रोजेलच्या,
दहातले नऊ भाग नुसतं पाणी.
खालचीत केसाएवढे पाट, वरची झाकण,
मधे डिंक. तोही असा, की भिंतीत वस्तीला आलेल्या
यकृताच्या पेशींना बाधू नये.
जास्त झाला की पाट बुजतात.
कमी पडला की लाल रंग सोडताच
कडेने गुलाबी ढग सरकत जातो,
आणि ब्रेइशो वहीतून मान वर न करता म्हणतो,
"गेली."

शुक्रवारी आई सान्तियागोला आली, गुडघा दाखवायला.
पिशवीत अरोसाच्या खाडीतले काळे शिंपले,
तराफ्याच्या दोराची तूस अजून त्यांच्या दाढीत.
एकतीस वर्षं तिनं एवढंच केलं:
घट्ट धरून बसलेल्याला सोडवलं.
तिच्या अंगठ्यावरची चीर आता बुजत नाही.

सूक्ष्मदर्शकात ती बराच वेळ वाकून राहिली.
"पाण्यावरच लावताय की तुम्ही!
शिंपला आधी चाटतो. दाबून धरतो,
खालचं पाणी हाकलतो. दोरा मग."
"आई, ती जीभ नाही, पाय असतो तो."
"असेल तुमच्या पुस्तकात."

मग डिंक आम्ही वाळवला.
कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, तहानलेला,
पाटांच्या जागी कोरून काढलेला.
ठेवला, तसं त्यानं दोन्हीकडचं पाणी पिऊन घेतलं.
बोटानं दाबून मी तीसपर्यंत मोजलं,
सतराला शिंक आली, ती गिळली.

लाल रंग आत शिरला.
पहिलं वळण. दुसरं, जिथे नेहमी फुटायची.
एक बुडबुडा अडखळला, गेला.
पलीकडच्या नळीतून थेंब पडला कपात.
ब्रेइशोनं वही मिटली,
पेन आतच राहिलं.

रात्री आईला फोन केला. टिकली, म्हटलं,
ओढून पाहिली, जेल फाटलं पण जोड नाही सुटला.
पलीकडे नळ चालू होता, भांडी वाजत होती.
"बरं झालं," ती म्हणाली.
"आणि सोडवायची कशी?"

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये तिची पिशवी तशीच आहे.
वर ब्रेइशोच्या अक्षरात चिठ्ठी:
नमुना नाही. जेवण.
आत दोन शिंपल्यांनी एकमेकांना धरलंय.