काजूआडचा शाबा

शाबा हवालदार नऊला येतो,
जीप उलटी घालतो काजूच्या जाळीत,
डोळ्याला ते यंत्र लावतो
आणि डाव्या हाताने मला खूण करतो: चहा, साखर कमी.

माझा गाडा वळणाच्या अलीकडे,
अस्नोड्याहून डिचोलीला जाताना डाव्या अंगाला.
पत्र्यावर अजून खनिजाची लाल धूळ आहे,
ट्रक बंद पडून वर्षं झाली, निघत नाही.

पहिल्या दोन गाड्या सापडतात.
तिसरीला समोरचा दिवे मारतो.
मग बघावं रस्त्याचं सोवळं!
भाड्याच्या स्कुटरवरचे पाहुणे
सीटखालून हेल्मेट काढतात,
बस अशी संथ की कंडक्टरने उतरून चालत यावं.
कोण कुणाच्या ओळखीचं नाही,
पण दिवे मारायला कुणी चुकत नाही.
एवढी माया सख्ख्या भावांत पाहिली नाही मी.

तीनशे पावलं.
मग गिअर पडल्याचा आवाज येतो,
आणि अडवून धरलेला सगळा वेग
एकदम सांडतो खालच्या उतारावर,
साकवाच्या तोंडाशी,
जिथे पिएदादचा मिंगेल गेला,
सायकलीवर पावाची टोपली, हातात भोंगा.
मी धावत पोचले तेव्हा
पोयी अजून गरम होत्या.
त्या दिवशी शाबाने एकतीस तालांव फाडले होते.
वरून शाबासकी आली.

खोटं कशाला बोलू,
आमच्या यतीनला मोबाइलवर दंड आला
तेव्हा त्याला झुडपाझुडपात पोलीस दिसायला लागला.
गोठ्यापर्यंत सावकाश यायचा.
महिनाभर.
मग म्हणाला, आई, रविवारी नसतात ते.

वैशाखात एकदा जीप तव्यासारखी तापली.
शाबा बाहेर आला,
पांढरा शर्ट, भर रस्त्याच्या कडेला,
यंत्र माझ्या बाकावर, हातात बशी.
दिवसभर गाड्या शहाण्यासारख्या गेल्या,
पुढच्या उतारावरही,
तिथे आणखी एखादा उभा असेल म्हणून.
संध्याकाळी पावतीपुस्तक कोरं.
साहेबाने विचारलं, झोपला होतास?
न झालेला अपघात कुठल्या रकान्यात भरायचा
ते शाबाला सुचेना.
दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जाळीत.

उतारावर आधी राखणदाराचा धोंडा होता.
त्याला कुणी पाहिला नाही,
त्याने कुणाला कधी तालांव दिला नाही,
तरी परमुलखातला ट्रकवालाही
तिथे ब्रेक दाबायचा, विडी ठेवायचा, मग पुढे.
तो दिसत नव्हता,
पण कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक.
शाबाचं नेमकं उलटं.
रस्ता रुंद केला तेव्हा धोंडा उचलून
मागे शेताच्या बांधावर नेऊन ठेवला,
नारळ वगैरे फोडून, रीतसर.
म्हणून मिंगेल गेला असं मी म्हणत नाही.
तिथे गाड्या हळू व्हायच्या, एवढं मी पाहिलंय.

काल शाबा म्हणाला,
ही जागा आता सगळ्यांना कळलीय, गो,
उद्यापासून कुठे लपू?
मी म्हटलं, लपू नकोस.
साकवाच्या तोंडाशी उभा राहा,
लांबून दिसशील असा.

त्याने बशीतला चहा संपवला,
उताराकडे बघितलं, बराच वेळ.
तिथे सावली नाही, म्हणाला.

ते मात्र खरं.
होती ती झाडं
धोंड्याबरोबरच गेली.