सर्वांत सभ्य

पंचांची मतं मोजली, तेव्हा लेन ट्रेगेन्झा
होबार्टच्या हॉटेलात टाय सैल करत होता.
सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य खेळाडू. टाळ्या.

सतरा मोसम. खाणीच्या गावचं मैदान,
गवत नाहीच, नुसती खडी.
कुणाच्या तरी खांद्यावर गुडघा रोवून
वरच्यावर झेलायचा तो लांबोडका चेंडू
आणि सोलून निघत खाली यायचं.

पदक आता खणात, फ्यूजच्या तारेजवळ.
बोटं वाकडी. शर्टाची बटणं मी लावते.

गुरुवारी मर्व्ह येतो पत्ते खेळायला.
बिस्किट चावताना जबडा कट्‌ट वाजतो त्याचा.

पासष्ट साल. धुकं. चेंडू पार पलीकडे,
पंच पाठमोरा.

लेन बोलत नाही काही.
मर्व्हचं बिस्किट चहात बुडवून
मऊ झालं की बशीत ठेवतो.
मर्व्ह म्हणतो, वाट पानं.