धुलाई बाकी

सात राष्ट्राध्यक्षांचे सदरे धुतले मी.
नदीला हुद्दा कळत नाही.
दोन एवारिस्तोंच्या बाह्या तेवढ्या शाईने मळायच्या.

नावाड्याचं पोर. वकील झालं, मंत्री झालं,
आणि एका मंगळवारी, तोफा थंडावल्यावर,
खुर्चीत.

दोनशे अकरा दिवस.
कित्येक रात्री रेल्वेच्या नकाशावरच डोळा लागायचा;
सकाळी गालावर निळे रूळ.
ती गाडी काही आली नाही.

मग धक्क्यावर आगबोट, हातात एकच पेटी.
मी पळत गेले, तीन सदरे घेऊन, ओलेच.
"राहू दे, सेफेरिना. येतोच आहे."
असुन्सिओन सोडणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

परवा कळलं, कोरिएन्तेसच्या शाळेत
अपूर्णांक शिकवता शिकवता गेला.

सदरे आहेत.
नव्याला व्हायचे नाहीत,
त्याची मान फार जाड.