काट्यावरचा कारकून सांगतो

सन बासष्ट. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
पुण्याहून एक साहेब आला,
गळ्यात स्टॉपवॉच, काखेत वही.
त्याच्या पुस्तकात फावडी मोजली होती, विटा मोजल्या होत्या,
काजू नव्हता.

तीन दिवस जयवंती केरकरणीच्या पाठीशी उभा.
बी ठेवली, पाय दाबला, गर सुटला :
साडेपाच सेकंद.
मधूनच राखेत बोटं बुडवायची ती,
ते त्यानं ‘वाया’च्या रकान्यात घातलं.
टरफलाचं तेल कातडी सोलतं,
हे रकान्याला कोण सांगणार?

मग त्यानं बल्ब वाढवले. गर वाढला.
बल्ब उतरवले.
तरी वाढला.
वहीत नुसती खाडाखोड.
शेवटी घड्याळ खिशात टाकून
तिच्यासमोर उकिडवा बसला,
“बाई, असं कसं?”

“तेवीस वर्सां हय बसतंय,” ती म्हणाली,
“माझ्या हातांकडे कोण बघूक नाय.
तू बघलंस.”

अहवाल मीच टाइप केला.
उजेड पुरेसा आहे, असं त्यात आलं.
राखेची वाटी त्यानं ‘वाया’मधून खोडली होती,
पण कुठे मांडायची ते लिहिलं नव्हतं.

मी तेवढी जागा
कोरी सोडली.