नऊ मिलिमीटर

एंडेलच्या उजव्या तर्जनीचं पेर
रंध्यानं नेलं, एकोणऐंशी साली.
"तेव्हापासून उजवा हात नुसता धरतो," तो म्हणाला,
"दाखवायचं काम डाव्याकडे."

मी तार्तूहून आले होते, बस आणि फेरीबोटीनं,
पाठीवर एक पडदा घेऊन.
माउस नाही, बोट लावलं की कळणारा.
कुरेसारेच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी
टेबल मांडलं.
म्हटलं, हवं ते करा,
परीक्षा तुमची नाही, याची आहे.
सगळ्यांनाच म्हणते मी हे.
कुणाला खरं वाटत नाही.

त्यानं खिडकी उघडली, पत्र लिहायला घेतलं,
मुलीला, ओउलूला.
एकेक अक्षर,
खिळा ठोकण्याआधी नेम धरावा तसं.
वीस मिनिटांत चार ओळी.
मग तारीख बघायची होती,
पत्र जरा बाजूला सारायचं होतं.

वर कोपऱ्यात तिघं उभी:
आडवी रेघ, चौकोन, फुली,
खांद्याला खांदा लावून, कित्येक वर्षं तशीच,
बाणाच्या टोकाला सरावलेली.
बाणाला जाडी नसते.
एंडेलच्या अंगठ्याखाली तिघंही झाकली गेली
आणि फुली जिंकली.

"कुठं गेलं?"

मी तोंड उघडलं, मिटलं.
"जतन केलं नव्हतं," एवढंच सुचलं,
आणि तेही अशा सुरात, की चूक जणू त्याची.

तो रागावला नाही. कोटाच्या खिशातून
घडीची लाकडी पट्टी काढली,
पडद्याला टेकवली, चष्मा वर सरकवून वाचलं:
तिन्ही मिळून एकोणतीस मिलिमीटर. फुली एकटी नऊ.
अंगठा मोजला. तेवीस.
"मूठ हाताच्या मापानं करतात, पोरी.
तू डोळ्याच्या मापानं केलीस."

चाळीस वर्षं तो खिडक्याच करत होता, पाइनच्या.
हिवाळ्यात आतून दुसरी चौकट बसवायची,
दोन काचांमध्ये शेवाळ भरायचं, ओल धरायला.
"खिडकी उघडी असते नाहीतर लावलेली," तो म्हणाला,
"बारीक करून खाली ठेवलेली
मी अजून पाहिली नाही.
आणि लावली तरी बाहेरचं झाड कुठं जातं?"

परतताना बोटीवर वारा इतका
की वहीचं पान धरून ठेवावं लागलं.
चौकोन खोडला: खिडकी उघडेल ती पूर्णच.
रेघ खोडली: वरची कड धरून खाली ओढा,
पडदा ओढतो तसं, ती बाजूला होईल.
फुली राहू दिली,
पण एकटी, सभोवती मोकळी जागा,
आणि बंद केलेलं सगळं आत तसंच राहील,
झाडासारखं.

बैठकीत तावेट म्हणाला, लोक ओरडतील,
सवय आहे त्यांना, वर्षानुवर्षांची.
मी बाजारातून एक घडीची पट्टी आणली होती.
ती टेबलावर ठेवली. उघडली नाही.
तावेटनं ती उचलली, सवयीनं बोटांत फिरवली,
मग हळूच स्वतःचा अंगठा मोजला.
तरी तो "बघू" एवढंच म्हणाला.
"बघू"चे पुढे सात आठवडे झाले.

नोव्हेंबरात परत गेले. त्याच टेबलाशी
एंडेलनं पुन्हा पत्र लिहिलं, तीनच ओळी.
चौथी काय होती ते त्याला आठवेना.
खिडकी उभी, तो भिंतीकडे बघत राहिला बराच वेळ;
मीही भिंतीकडेच बघत राहिले.
मग त्यानं पत्र खाली ओढलं, तारीख पाहिली,
पत्र वर आणलं. होतं.

"बरं आहे," तो म्हणाला.
मी हसले, वही मिटायला घेतली.
"पण फुली उजवीकडे का?
मी डावा हात तिकडे नेला
की सगळं पत्र झाकलं जातं."

वही पुन्हा उघडली.
बोट सुटायला चाळीस मिनिटं होती.