एअरलूम

इंदल निषाद पहिल्या दिवशी म्हणाला,
"मॅडम, मुझे उच्च शिक्षा चाहिए,"
आणि मला हसू आलं.
आमच्यात शिक्षा मागून घेत नाहीत,
ती होते.

दाजी पेठेत, सुताच्या दुकानावर माझी खोली.
बाकं तीन, फळा एक, पंखा त्याच्या मर्जीनं.
खाली माग आहेत, जरा मोठ्यानं वाच, म्हटलं,
तर तो म्हणाला, "खाली कहाँ मॅडम,
सब पर माल चढ़ा है."
त्या रात्री इंग्रजी एकही शब्द वहीत चढला नाही.
एकमेकांच्या शब्दांचे तळ बघण्यातच
साडेनऊ वाजले.

माझं घर तेलुगू, शाळा मराठी,
भाजीवालीशी कानडी,
आणि बेरीज करताना अजूनही ओठ तेलुगूत हलतात.
तो आईशी फोनवर भोजपुरी.
आम्हा दोघांत जी हिंदी होती
ती दोघांनीही भाड्यानं घेतलेली.

तरी यादी वाढत गेली. रोज पाच शब्द.
कोशातला अर्थ मी फळ्यावर लिहायची,
तो थोडा वेळ बघायचा, मग आपला सांगायचा.
मेटिक्युलस: चेकिंगमधली नरसव्वा,
टॉवेलच्या काठाचा सुटा धागा जिला झोपेतही दिसतो.
रिलक्टंट: पगाराच्या दिवशी शेठचा हात.
अ‍ॅम्बिग्युअस: "देखेंगे."
मी माझे अर्थ पुसून टाकले.

जेकार्डच्या रद्दी पुठ्ठ्यांवर तो शब्द लिहायचा,
भोकं चुकवत चुकवत.
त्यामुळे इनएव्हिटेबल तीन तुकड्यांत आला
आणि पाठही तसाच झाला,
मधे दोनदा श्वास घेऊन.
शब्द विणले वगैरे मी म्हणणार नाही.
बारा तासांच्या पाळीनंतर विणायचं नाव कोण काढतं?
पापण्यांवर कापसाची भुकटी घेऊन
तो शब्द वाहून न्यायचा, गोणी नेतात तसे.

एप्रिलात, डांबर चपलेला धरून ठेवत होतं तेव्हा,
जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आला.
"शेठ एअरलूम मँगा रहे हैं. बारह. बेल्जियम से."
एअरजेट, मी म्हटलं. एअरलूम वेगळं.
फळ्यावर स्पेलिंग लिहिलं, पहिलं अक्षर मुकं.
अर्थ: वाडवडिलांकडून आलेली, जपून ठेवायची वस्तू.
तो अक्षरांकडे बघत राहिला.
"लूम तो है इसमें."
मग, "आपके घर में है?"

वडलांनी हातमाग विकला तो बेकरीवाल्याला,
लाकडाच्या भावानं, वजनावर.
तो आठवडा आम्ही पाव आणला नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, एक धोटा आहे. आई त्यात सुया ठेवते.
त्यानं पुठ्ठ्यावर लिहून घेतलं:
एअरलूम. धोटा, सुयांसकट.

बारा एअरजेटना माणसं लागतात तीन.
हे गणित त्यानं मला इंग्रजीत सांगितलं,
व्याकरणाची एकही चूक न करता.
रिडंडंट हा शब्द माझ्या यादीत नव्हता.
तो नोटिशीवर आला, एक अक्षर चुकलेला.
इंदलनं आधी लाल पेनानं तो दुरुस्त केला,
मग खाली सही केली.

आता परवा होटगी रोडला मुलाखत,
एक्स्पोर्टच्या ऑफिसात, एसीत.
परदेशी गिऱ्हाईकांना पत्रं लिहायची.
माझ्या भावाचा शर्ट त्याला खांद्यात थोडा सैल होतो.
चारशे-साडेचारशे पुठ्ठे सुतळीनं बांधून
माझ्या टेबलावर ठेवले,
नव्या पोरांसाठी.
वरचा मी उजेडाकडे धरून बघितला:
अक्षरं कमी दिसली, भोकंच जास्त.

जिन्यात थांबून म्हणाला,
"चेष्टा करूँगा, मॅडम."
कर म्हटलं.
तुझ्या अर्थानं कर.
आणि जमली तर, त्या एसीत बसून,
आमच्याही अर्थानं कर थोडी.