मुद्देमाल

टाकीच्या कानाला तारेनं बांधलेलं लेबल अजून होतं,
लाखेचा एक थेंब, आणि नंबर. गाडीचा नव्हे, खटल्याचा.
अकरा वर्षं ठाण्यामागच्या अंगणात उभी होती माझी येझदी.
सीटच्या भोकातून एक एरंड उगवून
वाळूनही गेला होता.

चोर तिसऱ्या आठवड्यात सापडला. गाडीही सापडली.
मिळाली नाही.
"पुरावा हाय ओ ती," हवालदार हळूच म्हणाले,
जसं सांगावं, आजारी हाय, आत झोपलीय.

उद्यमनगरात दस्तगीरनं झाकण उघडलं,
म्हणजे हातोडीनं मनवलं,
आणि बॅटरी माझ्या हातात दिली: "बघा, चुलवाण."
आत सगळं लाल. पापुद्र्यावर पापुद्रा.
हलवलं की वाळल्या शेंगांसारखं वाजायचं.

नळाच्या भोकात त्यानं बूच ठोकलं,
शेजारच्या लेथवरनं पसाभर बारके नट आणून आत ओतले,
टाकी वाकळंत गुंडाळली,
आणि आम्ही दोघं दोन टोकं धरून
बारशाच्या झोळीगत हलवत बसलो.
पंधरा मिनिटांत माझे खांदे भरून आले.
"नोकरी कुठं केली सायेब?"
"बँकेत. काउंटरला."
"तरीच."

पण टाकीच्या पोटात मधला बोगदा असतो,
त्याच्या दोन्ही अंगांना दोन खिसे,
नट तिथवर जात नाहीत.
गंज जातो.
"आता मळी," दस्तगीर म्हणाला,
"ॲसिड पत्रा बी खातं. मळी नुसता गंज खाती."
त्याच्या मेव्हण्यानं कारखान्यावरनं कॅन आणला.
एक भांडं मळी, नऊ भांडी पाणी,
गळ्यापर्यंत भरून, वर फडकं. झाकण नाही, फुगती म्हणून.

बारा दिवस मी रोज जाऊन बसलो.
शिळ्या गुळाचा आंबूस वास, कडेनं गांधीलमाश्या.
सुतळीला बांधून एक गंजका बोल्ट आत सोडला होता, नमुन्याला.
मंगळवारी ओढून बघितला तर नुसता चिखल.
शुक्रवारी आटे मोजता आले.

एक सांगायचं राहिलं.
पहिल्या दिवशी टाकी पालथी केली तेव्हा
आतनं दोनेक लिटर निघालं होतं,
काळपट, वार्निशासारखं, पेट्रोलचा वास मेलेलं.
दस्तगीरला मी काही बोललो नाही.
पण गाडी गेली त्या रात्री मी रिझर्व्हवर घरी आलो होतो,
टेंबलाईच्या चढाला तिनं दोन आचके दिले होते,
सकाळी भरू, म्हणालो होतो.
म्हणजे हे त्याचं.
वय वर्षे एकोणीस, राहणार कळंबा, कागदावर एवढंच.
तुरुंगही कळंब्यातच,
घरचं माणूस भेटायला चालत येत असेल.
चोरलेल्या गाडीत त्यानं पदरचं
(की तेही कुणाचं)
पेट्रोल टाकलं.
कुठं जायचं होतं त्याला, एवढ्या लांब?
तो दहा महिन्यांत सुटला.

तेराव्या दिवशी टाकी धुतली. सोडा, गरम पाणी, मग ब्लोअर.
"हात चालवा," दस्तगीर ओरडला,
उघडं लोखंड घटकाभर हवेत राहिलं
की पुन्हा लाली धरतं.
ऑइल ओतून आम्ही ती चारी अंगांनी फिरवली,
लहान पोराला तेल चोळतात तशी.
बॅटरी मारली. राखाडी पत्रा, ओला, स्वच्छ.
खिशात थोडे खड्डे राहिले,
ते राहणारच.

पहिल्या किकेला नाही. सातव्या किकेला.
धुराला मळीचा वास येतोय, मी म्हणालो.
भास हाय, दस्तगीर म्हणाला.
लेबल काढलं की नाही ते आठवत नाही.

घर उजवीकडं होतं.
मी डावीकडं वळलो, कळंब्याच्या तळ्यापर्यंत गेलो,
गाडी बंद न करता थोडा वेळ थांबलो.
तिथं मला काही काम नव्हतं.